वाचकांचे प्रश्न : लोकगीतांच्या बँडची प्रोग्रेसिव्ह रॉककडे वाटचाल

लोकगीते गाणारा बँड काही वर्षांत प्रोग्रेसिव्ह रॉकच्या, म्हणजे अनेक विभागांच्या दीर्घ, गुंतागुंतीच्या रचना करणाऱ्या रॉकच्या, उंबरठ्यावर कसा येऊन पोहोचतो, याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या अंकात एकत्रित उत्तरे दिली आहेत. बहुतेक प्रश्न १९६९ ते १९७५ या काळातील ब्रिटिश बँडविषयीचे असल्यामुळे उत्तरेही मुख्यतः त्याच काळाभोवती फिरतात. एक प्रश्न मात्र ब्रिटनबाहेरचा आहे आणि तो मुद्दाम शेवटी घेतला आहे.

प्रश्न : 'स्ट्रॉब्ज' या बँडचे १९७० मधील 'ड्रॅगनफ्लाय' आणि १९७४ मधील 'हीरो अँड हीरोइन' हे दोन अल्बम मी लागोपाठ ऐकले. पहिल्यात अकूस्टिक गिटार, चेलो आणि संथ गायन आहे, तर दुसऱ्यात दणदणीत ड्रम, इलेक्ट्रिक गिटार आणि कीबोर्डांचे थरावर थर आहेत. चार वर्षांत एकाच बँडमध्ये एवढा पालट कसा झाला? हा बदल खप वाढवण्यासाठी केलेला होता का?

उत्तर : आपण ऐकलेल्या दोन अल्बमच्या मध्ये 'स्ट्रॉब्ज'चे आणखी चार अल्बम आहेत. ते क्रमाने ऐकले तर पालट अचानक झाल्यासारखा वाटत नाही. दर वेळी कोणी नवा वादक आला किंवा जुना निघून गेला आणि त्यासरशी संगीताची घडण थोडी बदलली, असे दिसून येते. बँडची सुरुवात १९६४ मध्ये लंडनमध्ये 'स्ट्रॉबेरी हिल बॉइज' या नावाने झाली, तेव्हा डेव्ह कझिन्स आणि टोनी हूपर अमेरिकन ब्लूग्रास वळणाची गाणी गात असत आणि बँजो हे त्यातले प्रमुख वाद्य होते. पुढे नाव आखूड झाले, १९६७ मध्ये काही काळ गायिका सँडी डेनी त्यांच्यासोबत गायल्या, आणि १९६९ मध्ये पहिला अल्बम प्रकाशित झाला तोवर कझिन्स प्रामुख्याने स्वतःची गाणी लिहू लागले होते. पुढच्या सगळ्या वाटचालीचे मूळ माझ्या मते येथे आहे. परंपरेने आलेली गीते गाणाऱ्या गटांवर त्या गीतांच्या चालीचे आणि शब्दांचे जे बंधन असते, ते कझिन्स यांच्यावर नव्हते. त्यांनी जुन्या बॅलडचा, म्हणजे कडव्यामागून कडवे रचत कथा सांगणाऱ्या गीताचा, फक्त साचा घेतला आणि त्यात स्वतःच्या कथा, स्वतःची श्रद्धा आणि तिच्याविषयीच्या स्वतःच्या शंका ओतल्या.

'ड्रॅगनफ्लाय'वरील 'द व्हिजन ऑफ द लेडी ऑफ द लेक' हे गीत आपण पुन्हा एकदा लक्ष देऊन ऐकावे. ते दहा मिनिटांहून लांब आहे, आणि त्यात पियानो वाजवणारे रिक वेकमन त्या वेळी बँडचे सदस्य नव्हते, केवळ त्या ध्वनिमुद्रणापुरते बोलावलेले वादक होते. शांत वाटणाऱ्या त्याच अल्बममध्ये दीर्घ कथा आणि कीबोर्ड या दोन्ही गोष्टी आधीच येऊन बसलेल्या आहेत. फक्त त्यांना अजून पुरेसा अवकाश मिळालेला नाही. काही महिन्यांतच वेकमन बँडमध्ये दाखल झाले, त्यांच्याबरोबर रिचर्ड हडसन ड्रमसाठी आणि जॉन फोर्ड बेस गिटारसाठी आले, आणि ११ जुलै १९७० रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण त्याच वर्षी अल्बम म्हणून निघाले. त्यात अनेक भाग जोडून केलेली एक दीर्घ रचना आहे आणि वेकमन यांचे एकट्याचे पियानोवादनही आहे. वेकमन यांच्या वादनाकडे सर्वांचे लक्ष जाते आणि ते योग्यच आहे. पण माझ्या मते हडसन आणि फोर्ड यांचे येणे अधिक निर्णायक ठरले. त्याआधी या बँडमध्ये कायमचा ड्रमवादकच नव्हता. ड्रम आणि बेस यांचा पक्का पाया असल्याशिवाय आठ-दहा मिनिटांची रचना वेग बदलत, मध्येच थांबत आणि पुन्हा उसळी घेत पुढे नेता येत नाही.

१९७१ च्या 'फ्रॉम द विचवुड'मध्ये जल्लाद आणि त्याच्यासमोर फाशीसाठी उभा केलेला त्याचाच भाऊ, अशी एक भयंकर कथा आहे. जुन्या बॅलडमध्ये ती सहज शोभली असती. येथे तिचा ताण गायकाइतकाच ऑर्गनही वाढवत नेतो. त्याच वर्षी वेकमन 'येस' या बँडमध्ये गेले आणि त्यांच्या जागी ब्लू वीव्हर आले. १९७२ च्या 'ग्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये वेगवेगळी गाणी एका माणसाच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या आयुष्याच्या सूत्रात ओवलेली आहेत, आणि लोकगीताचा साधेपणा व रॉकचा विस्तार यांचा तोल मला याच अल्बममध्ये सर्वांत चांगला साधलेला वाटतो. त्यानंतर टोनी हूपर बाहेर पडले. सुरुवातीच्या काळातील फोक क्लबांशी, म्हणजे लोकगीतांच्या मैफली भरवणाऱ्या मंडळांशी, असलेला धागा त्यांच्या आवाजात होता, त्यामुळे त्यांचे जाणे एखादा वादक कमी होण्यापुरते नव्हते. त्यांच्या जागी इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे डेव्ह लॅम्बर्ट आले आणि बँडचा स्वभावच अधिक करकरीत झाला.

खपाविषयीच्या आपल्या शंकेचे उत्तर १९७३ मध्ये सापडते. त्या वर्षी हडसन आणि फोर्ड यांनी लिहिलेले एक सोपे, सर्वांनी एकत्र म्हणावे असे गाणे ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले, आणि ते ज्या अल्बममध्ये होते तो 'बर्स्टिंग ॲट द सीम्स'ही दुसऱ्या क्रमांकावर गेला. केवळ खप हवा असता, तर तशीच आणखी गाणी करण्याचा मार्ग समोर मोकळा होता. प्रत्यक्षात त्याच वर्षी हडसन, फोर्ड आणि वीव्हर वेगळे झाले, आणि कझिन्स व लॅम्बर्ट यांनी कीबोर्डसाठी जॉन हॉकन, ड्रमसाठी रॉड कूम्ब्ज आणि बेससाठी चास क्रॉन्क यांना घेऊन अधिक गंभीर, अधिक काळोखा असा 'हीरो अँड हीरोइन' तयार केला. ब्रिटनमध्ये त्याला आधीच्या अल्बमइतके यश मिळाले नाही. उत्तर अमेरिकेत मात्र त्याला चांगला श्रोतृवर्ग लाभला. अल्बमच्या आरंभी 'ऑटम' ही तीन भागांची रचना आहे. हॉकन यांच्या वाद्यसंगीताने ती सुरू होते, मधल्या भागात ती एका साध्या गीतापर्यंत खाली येते, आणि शेवटी एकाच ओळीच्या आवर्तनांतून समूहगायनासारखी वर चढत जाते. तो मधला भाग एकट्या गिटारवर गाऊन पाहावा, तो 'ड्रॅगनफ्लाय'मध्ये निमूटपणे सामावून गेला असता. म्हणूनच हा बँड बदलला असे म्हणताना त्याची गाणी बदलली असे म्हणायला मी तयार नाही. गाण्यांच्या भोवतालचे बांधकाम बदलले, आणि ते बहुतांशी नव्या माणसांच्या हातांनी बदलले.

प्रश्न : 'हीरो अँड हीरोइन' या अल्बममध्ये तंतुवाद्यांचा मोठा ताफा असल्यासारखा आवाज येतो, परंतु श्रेयनामावलीत व्हायोलिनवादकांची नावे नाहीत. हा आवाज कशाचा आहे?

उत्तर : तो मेलोट्रॉन या वाद्याचा आवाज आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे त्या काळी तयार होणाऱ्या या कीबोर्डाच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक स्वतंत्र तुकडा असतो, आणि त्यावर व्हायोलिन, बासरी किंवा समूहगायनाचा एकेक स्वर आधीच मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत चालू लागते आणि तो खराखुरा मुद्रित स्वर ऐकू येतो. मात्र साधारण आठ सेकंदांनी फीत संपते, आणि बोट उचलल्यावर स्प्रिंग ती पुन्हा मागे खेचून घेते. त्यामुळे वादकाला एकाच स्वरसंघावर रेंगाळता येत नाही, त्याला सतत पुढे सरकत राहावे लागते. फितींच्या वेगातील बारीक चढउतारामुळे स्वरही किंचित थरथरतो. लोकगीताच्या संथ चालीमागे हा थरथरता स्वरपट फार शोभतो, कारण माणसाच्या आवाजातील अस्थिरपणा त्यात थोडासा उतरलेला असतो. 'किंग क्रिमझन' या बँडने १९६९ मधील आपल्या पहिल्याच अल्बममध्ये हे वाद्य ज्या भव्यतेने वापरले, त्यानंतर प्रोग्रेसिव्ह रॉक म्हटले की ते आठवावे अशी त्याची ओळख झाली.

प्रश्न : 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन'ने लोकगीतांना इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमची जोड दिली आणि 'बॅबकम ली' हा अल्बम तर अथपासून इतिपर्यंत एकाच कथेवर रचला. मग त्यांना प्रोग्रेसिव्ह रॉकचा बँड का मानत नाहीत? फोक रॉक आणि प्रोग्रेसिव्ह रॉक यांत नेमका फरक काय?

उत्तर : वाद्ये विजेवर चालतात की नाही, यावरून हा फरक ठरत नाही, आणि अल्बमला एकच कथासूत्र आहे की नाही, यावरूनही ठरत नाही. डिसेंबर १९६९ मध्ये आलेला 'फेअरपोर्ट'चा 'लीज अँड लीफ' हा अल्बम ब्रिटिश फोक रॉकचा पाया मानला जातो. त्यात शतकानुशतके गायली गेलेली गीते ड्रम, इलेक्ट्रिक गिटार आणि डेव्ह स्वॉर्ब्रिक यांच्या फिडलवर, म्हणजे लोकसंगीतातील व्हायोलिनवर, उभी केली आहेत. परंतु त्यांची मूळ रचना तशीच राखलेली आहे. एकच चाल प्रत्येक कडव्यासाठी परत येते, कथा शब्दांतून पुढे जाते, आणि वाद्ये तिला जोर देतात. १९७१ च्या 'बॅबकम ली'मध्ये १८८५ साली फाशीचा तीनदा प्रयत्न होऊनही तिन्ही वेळा वाचलेल्या जॉन ली या कैद्याची खरी हकिकत आहे, आणि स्वॉर्ब्रिक यांना जुनी कात्रणे हाती लागल्यावर तिच्यावरून अल्बम करण्याची कल्पना सुचली. विषय विलक्षण आहे, मांडणी सलग आहे, तरीही त्यातील गाणी गाण्यांसारखीच सुरू होतात आणि गाण्यांसारखीच संपतात.

प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये कथेचा भार वाद्यसंगीत स्वतः उचलू लागते. आरंभी ऐकलेला एखादा लहानसा स्वरसमूह पुढे वेगळ्या लयीत, वेगळ्या स्वरपट्टीत, वेगळ्या वाद्यावर परत येतो. मध्ये त्याच्याशी झगडणारा दुसरा विभाग येतो. आणि पहिला स्वरसमूह शेवटी परतला, की तो पूर्वीचा राहिलेला नसतो. युरोपीय अभिजात संगीतातून उचललेली ही पद्धत लोकगीताच्या कडव्यांच्या पद्धतीहून पुष्कळ निराळी आहे. म्हणूनच एखादा लोकगीतांचा बँड या दोन पद्धतींच्या सीमेवर उभा राहतो, तो क्षण मला अत्यंत औत्सुक्याचा वाटतो.

तो क्षण प्रत्यक्ष ऐकायचा असेल, तर 'पेंटँगल' या ब्रिटिश बँडचा १९७० मधील 'क्रुएल सिस्टर' हा अल्बम घ्यावा. त्याच्या तबकडीची संपूर्ण दुसरी बाजू 'जॅक ओरायन' या एकाच बॅलडने व्यापली आहे, आणि ते अठरा मिनिटांहून लांब आहे. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ३०५ बॅलडांचा जो संग्रह प्रकाशित केला, त्यात हे गीत 'ग्लॅस्जेरियन' या नावाने ६७ व्या क्रमांकावर आहे. कथा एका अलौकिक वादकाची आहे. त्याचा नोकर त्याचे सोंग घेऊन त्याच्या प्रेयसीला फसवतो आणि शेवट मृत्यूंमध्ये होतो. बँडमधील बर्ट जान्श यांनी हेच गीत १९६६ मध्ये एकट्याने सुमारे दहा मिनिटांत गायले होते. पाच जणांच्या बँडने ते जवळजवळ दुप्पट लांब केले, तेव्हा ती लांबी शब्दांनी भरली नाही. कथा वळते तेथे वादक बोलू लागतात, वाद्यांची मांडणी बदलते, आणि जॉन रेनबोर्न यांची इलेक्ट्रिक गिटार आधीच्या शांत विभागांना छेद देते. त्या अल्बमला आधीच्या 'बास्केट ऑफ लाइट'इतके ग्राहक मिळाले नाहीत, आणि पुढे बँडही त्या दिशेने फार गेला नाही. ही वाट अर्ध्यावर सुटल्याची हळहळ मला आजही वाटते. लोकगीताचा एक शब्दही न सोडता त्याचा विस्तार कसा करावा, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सांगता येणे कठीण आहे.

लांबी हा गुण नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. कथेत वळण असेल तेथे संगीताने वळावे. कथेत काहीच घडत नसताना केवळ तबकडीची बाजू भरण्यासाठी दहा मिनिटांचे एकल वादन घातले, तर ते लोकसंगीतही राहत नाही आणि चांगले रॉकही होत नाही. त्या काळातील काही अल्बम याच दोषाने आज ऐकवत नाहीत.

प्रश्न : प्रोग्रेसिव्ह रॉककडे झुकलेल्या अशा अल्बममध्ये ठेका धरायला गेले की हात चुकतो. लोकसंगीत तर सगळ्यांनी टाळ्या वाजवत म्हणायचे संगीत आहे. मग ही अवघड गणिते त्यात कोठून आली?

उत्तर : आपल्या प्रश्नातील दुसऱ्या वाक्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. नाचासाठीचे लोकसंगीत टाळीशी बांधलेले असते हे खरे, पण कथा सांगणारी लोकगीते शतकानुशतके साथीशिवाय, एकट्या गळ्यातून गायली जात होती, आणि तसे गाणारा गायक शब्दाच्या गरजेप्रमाणे ओळ ताणतो, आखडती घेतो, श्वासासाठी थांबतो. पर्सी ग्रेंजर या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या संगीतकाराने १९०६ पासून इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात फोनोग्राफ नेऊन वृद्ध गायकांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केली. त्या गायकांमध्ये जोसेफ टेलर हे विशेष नावाजले गेले. ती मुद्रणे पुन्हा पुन्हा ऐकून ग्रेंजर यांनी स्वरलेखन केले, तेव्हा एकाच ओळीत मात्रांची संख्या अनेकदा बदलत असल्याचे त्यांनी कागदावर नोंदवले. पुढे १९३७ मध्ये याच गीतांवरून त्यांनी फुंकवाद्यांच्या वृंदासाठी जी रचना केली, तिच्या काही भागांत ही विषम लय त्यांनी कटाक्षाने राखली आहे. बाल्कन प्रदेशात तर नाचसुद्धा विषम मात्रांचे आहेत. बल्गेरियातील राचेनित्सा हा नाच सात मात्रांचा असून त्याचे विभाग दोन, दोन आणि तीन असे पडतात, आणि ज्यांच्या कानात रूपक तालाच्या तीन-दोन-दोन अशा सात मात्रा बसलेल्या आहेत, त्यांना हा क्रम उलटा लागला तरी परका वाटणार नाही.

म्हणजे अवघड लय लोकगीतात बाहेरून आली असे म्हणण्यापेक्षा, लोकगीतामागे ड्रम आल्यावर ती सरळ चार मात्रांत ठाकूनठोकून बसवली गेली असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या प्रभावाने तिला तिचा वाकडेपणा काही प्रमाणात परत मिळाला. 'पेंटँगल'चे १९६९ मधील 'लाइट फ्लाइट' पाच, सात आणि सहा मात्रांच्या विभागांतून जाते, आणि तरीही बीबीसीने ते एका मालिकेचे शीर्षकसंगीत म्हणून वापरले व असंख्य लोकांनी ते आवडीने ऐकले. त्याच वर्षी 'जेथ्रो टल' या बँडचे पाच मात्रांचे एक गाणे ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. हात चुकतो याची काळजी करू नये. सुरुवातीला मात्रा न मोजता बेस गिटारकडे लक्ष द्यावे. विभाग कोठे सुरू होतो ते बहुधा तीच सांगते.

प्रश्न : 'ग्रिफन' या बँडचा पहिला अल्बम मला अतिशय आवडला होता, परंतु 'रेड क्वीन टु ग्रिफन थ्री' या अल्बममध्ये एकही गीत नाही आणि एकही पारंपरिक चाल नाही. हा परंपरेशी केलेला द्रोह नव्हे का?

उत्तर : द्रोह हा शब्द मी वापरणार नाही, परंतु काहीतरी गमावले गेले आहे ही आपली भावना मला रास्त वाटते. 'ग्रिफन'ची स्थापना करणारे रिचर्ड हार्वी आणि ब्रायन गलँड हे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकमध्ये शिकलेले होते. १९७३ च्या पहिल्या अल्बममध्ये त्यांनी इंग्रजी लोकगीते आणि मध्ययुगीन व प्रबोधनकाळातील नाच बासून, रेकॉर्डर आणि क्रमहॉर्न या फुंकवाद्यांवर सादर केले. लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात पीटर हॉल यांनी दिग्दर्शित केलेल्या 'द टेम्पेस्ट'च्या प्रयोगासाठी त्यांनी संगीत दिले आणि त्यातून १९७४ च्या दुसऱ्या अल्बममधील सुमारे एकोणीस मिनिटांची शीर्षकरचना उभी राहिली. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या तिसऱ्या अल्बममध्ये बुद्धिबळाच्या डावावर कल्पिलेल्या चार दीर्घ वाद्यरचना आहेत, आणि त्याच सुमारास 'येस'बरोबर त्यांनी अमेरिकेचा दौराही केला.

या बदलामागे एक वाद्यविषयक कारण होते आणि ते समजून घेतल्याशिवाय निवाडा करणे अन्यायाचे होईल. क्रमहॉर्न या वाद्याची जिव्हाळी, म्हणजे फुंकल्यावर थरथरून स्वर काढणारी पट्टी, टोपणाखाली झाकलेली असते, वादकाचे ओठ तिला लागत नाहीत. परिणामी स्वर लहानमोठा करता येत नाही, आणि वाद्याचा आवाकाही एका सप्तकाहून जेमतेम जास्त असतो. लहान नाचाच्या चालीत हीच मर्यादा गोडवा देते. दहा मिनिटांच्या रचनेत मात्र चढउतार लागतात, ते क्रमहॉर्न देऊ शकत नाही. म्हणून ते काम सिंथेसायझर, ऑर्गन आणि इलेक्ट्रिक गिटार यांच्याकडे गेले आणि जुनी वाद्ये रंग भरण्यापुरती पुढे येऊ लागली. बँडने दीर्घ रचनेची निवड केली, तेव्हाच वाद्यांचा हा नवा क्रम जवळजवळ ठरून गेला होता.

तरीही चारही रचना नीट ऐकल्या, तर नाचाच्या चालींची चण त्यांत जागोजाग सापडते. लहान वाक्यखंड, प्रत्येकाची पुनरुक्ती, मग त्याला उत्तर देणारा दुसरा खंड, ही लोकनृत्याची बांधणी त्यांनी सोडलेली नाही. गेले ते शब्द, आणि शब्दांबरोबर बॅलडमधील माणसे गेली. मला स्वतःला त्यांची उणीव भासते. 'जॅक ओरायन' ऐकताना मी अठरा मिनिटे एका माणसाची काळजी वाहतो. 'रेड क्वीन' ऐकताना मी वादकांच्या कौशल्याने भारावून जातो, पण काळजी कोणाची करावी हे मला कळत नाही. आपली तक्रार याच जागेची असावी असे मला वाटते. हा बँड १९७० च्या दशकाच्या अखेरीस थांबला, २००९ मध्ये पुन्हा एकत्र आला आणि २०१८ मध्ये त्याने नवा अल्बमही केला. गीतांची ओढ असलेल्या श्रोत्याने आधी पहिला अल्बम ऐकावा आणि तेथून पुढे यावे.

प्रश्न : उलट दिशेने, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉककडून लोकसंगीताकडे कोणी आले का?

उत्तर : आले, आणि सर्वांत ठळक नाव 'जेथ्रो टल'चे आहे. १९७२ मध्ये तबकडीच्या दोन्ही बाजू एकाच गाण्याने भरणाऱ्या या बँडने १९७७ मध्ये 'साँग्ज फ्रॉम द वुड'मध्ये इंग्रजी खेड्यातील ऋतू, झाडे आणि लोकसमजुती यांना वाहिलेली गाणी केली; त्यांतील गुंतागुंत मात्र पूर्वीचीच आहे. मधल्या काळात, १९७४ मध्ये, या बँडचे इयन अँडरसन यांनी 'स्टीलाय स्पॅन' या लोकगीतांच्या बँडच्या अल्बमसाठी निर्मितीत हातभार लावला होता, आणि त्याच अल्बमपासून 'स्टीलाय स्पॅन'मध्ये ड्रमवादक आला. दोन्ही प्रकारचे संगीतकार एकमेकांचे काम जवळून पाहत होते, हे यावरून लक्षात येते.

प्रश्न : हे सर्व ब्रिटनपुरतेच घडले का? इतर भाषांत ऐकण्याजोगे काही सुचवावे.

उत्तर : दोन अल्बम सुचवतो. पहिला आयर्लंडमधील 'हॉर्सलिप्स' या बँडचा १९७३ चा 'द टॉइन'. प्राचीन आयरिश गाथेतील राणी मेव्ह, कूली येथील वळू आणि तो राखण्यासाठी एकट्याने लढणारा कूहुलिन यांची कथा त्यात सलग मांडलेली आहे. त्यातील सर्वांत गाजलेल्या गाण्याची इलेक्ट्रिक गिटारवरील जोरकस धून 'ओनील्ज मार्च' या जुन्या रणसंगीतावरून घेतली आहे. गिटार काढून घेतली तरी ती चाल टिकते, कारण ती मुळातच सैन्य चालत जाताना वाजवायची चाल आहे, आणि म्हणून रॉकच्या ठेक्यावर ती लादल्यासारखी वाटत नाही.

दुसरा अल्बम चिलीतील 'लोस हाइव्हास' या बँडचा 'आल्तुरास दे माचू पिच्चू'. १९६३ मध्ये नाचाची गाणी वाजवणारा गट म्हणून सुरू झालेला हा बँड आधी मुक्त वादनाकडे आणि मग अँडीज पर्वतातील लोकसंगीताकडे वळला. १९७३ मध्ये चिलीत लष्कराने सत्ता बळकावल्यावर त्यांनी देश सोडला, ते आधी अर्जेंटिनात आणि नंतर फ्रान्समध्ये राहिले, आणि तेथेच त्यांनी पाब्लो नेरुदा यांच्या दीर्घ कवितेवरून हा अल्बम केला. तो १९८१ मध्ये प्रकाशित झाला. त्यात केना ही बासरी, सांपोन्या हा नळ्यांचा पावा आणि चारांगो हे लहान तंतुवाद्य एका बाजूला आहे, तर पियानो, सिंथेसायझर आणि ड्रम दुसऱ्या बाजूला. पारा आडनावाचे तीन भाऊ त्यात पियानो, कीबोर्ड आणि ड्रम वाजवतात. या अल्बममधील अकरा मिनिटांच्या 'ला पोदेरोसा मुएर्ते' या रचनेत आरंभी केवळ पावा आणि चारांगो ऐकू येतात, मग पियानो तीच आकृती उचलतो, आणि ड्रम सामील झाल्यावरही चारांगो मागे हटत नाही. 'ग्रिफन'च्या तिसऱ्या अल्बममध्ये जुन्या वाद्यांना जी दुय्यम जागा मिळाली, ती येथे त्यांना घ्यावी लागली नाही. आणि शब्द कवीचे असल्यामुळे माणूसही या रचनेतून हद्दपार झालेला नाही. 'ग्रिफन'विषयी विचारणाऱ्या वाचकांनी हा अल्बम अवश्य मिळवावा.